पहारेकऱ्याचे दोन आठवडे

४ फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

हे नाव लिहावं की नाही, यातच एक कागद वाया गेला. आईनं ठेवलेलं नाव, आणि आता तुला तसं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. पण कागदोपत्री नाव घातलं तर पत्र ऑफिसचं वाटेल. तसं ते कामाचंच आहे. काम नसतं तर मी लिहिलं नसतं आणि कदाचित तूही ते फोडलं नसतंस. फोन करत नाही, कारण फोनवर तू भराभर बोलतेस, मी "हं, हं" करत राहते आणि ठेवल्यावर मला सगळी उत्तरं सुचतात. मेल लॅबच्या खात्यातून जातो, आणि ही गोष्ट अजून लॅबची झालेली नाही. अजून ती माझी आहे. दोघींची व्हावी म्हणून लिहिते आहे.

सरांनी नव्या ॲटलासचं मनावर घेतलंय. सुरुवातीच्या मेंदूचा ॲटलास: डाव्या पानावर माकड, उजव्या पानावर माणूस, आठवड्यामागून आठवडा. गर्भ मेणात बसवून त्याचे पातळ काप, म्हणजे छेद, अर्थात मी घेते. तू इथे असताना तुझ्या निबंधासाठी आपण डोकं तेवढं ठेवायचो, आठवतं? त्या वयात गर्भाचे हात तोंडापाशी आलेले असतात आणि छेदात मध्येमध्ये लुडबुड करतात, म्हणून मेणात बसवण्याआधी मी ते काढून बाजूला ठेवत असे. या वेळी सरांना सगळं जसंच्या तसं हवंय. त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या स्लाइडवर मेंदू आणि हात एका जागी आले.

आठव्या आठवड्याचा माणसाचा गर्भ घेतला, आणि तुझ्या त्या निबंधातल्या तक्त्याप्रमाणे त्याच्या जोडीला बसणारा माकडाचा. माकडाच्या हाताला सुटी सुटी पाच बोटं. माणसाचा हात वल्ह्याच्या पात्यासारखा, बोटांच्या जागी नुसत्या रेघा.

दुसरी जोडी काढली. मग होत्या तेवढ्या सगळ्या काढल्या. प्रत्येक जोडीत माणूस मागे.

माणसाचा गर्भ जरा सावकाश वाढतो, हे मला ठाऊक आहे. तू तो हिशेब तक्त्यात आधीच धरला होतास. म्हणजे तो धरून जोड्या जुळायला हव्यात, आणि त्या जुळत नाहीत. मेंदू बघून हे कळलं नसतं, पण हात लपवत नाहीत. जोडीतलं माणसाचं पोर धाकटं आहे, साधारण दोन आठवड्यांनी.

मला एवढंच विचारायचंय: तुझ्या तक्त्यात माणसाचे आठवडे कुठून मोजले होते?

कळव. इकडे सगळं ठीक. लेक कॉलेजला जायच्या गडबडीत आहे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग तुमच्या संस्थेचं वार्तापत्र पाहिलं. त्याच निबंधावरचा तुझा नवा प्रकल्प मे महिन्यात सुरू होतोय, माकडाच्या डझनभर माद्या ठेवणार आहात, असं त्यात आहे. म्हणून थांबता येत नाही.

परवा लेकीनं विचारलं, "आई, मावशीनं नक्की काय शोधलं होतं गं? सगळे सांगतात मोठं काम केलं, पण काय ते कुणीच सांगत नाही."

मी भाजी चिरता चिरता सांगितलं. मेंदू सुरुवातीला नुसती एक नळी असते. तिच्या भिंतीत मूळपेशी असतात. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. एक जनुक दारात उभं राहून त्यांना सांगतं, थांबा, अजून आईच राहा, विभागत राहा, विचार करणाऱ्या पेशी व्हायची वेळ आलेली नाही. आम्ही त्याला लॅबमध्ये पहारेकरी म्हणतो. ते जनुक मासा, उंदीर, माकड, माणूस, सगळ्यांत जवळपास अक्षर न् अक्षर तेच आहे. निसर्गानं कोट्यवधी वर्षं ते जपून ठेवलंय, कारण त्याला हात लावला की मेंदूच उभा राहत नाही. पहारेकरी कामावरून गेला की मूळपेशी चेतापेशी होऊ लागतात. तुझ्या मावशीला दिसलं की माणसात हा पहारेकरी दोन आठवडे जास्त थांबतो. म्हणून मूळपेशी जास्त, म्हणून मेंदू मोठा.

"म्हणजे माणूस म्हणजे उशिरा सुटणारी शाळा," लेक म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि ते दोन आठवडे नसतीलच तर?"

"तर दोघांची शाळा एकाच वेळी सुटते. मग आपला मेंदू मोठा का, ते पुन्हा पहिल्यापासून शोधायचं."

मग ती म्हणाली, "आणि मावशीचं काय?"

मी भाजी चिरत राहिले.

आता तुला जे लिहायला नको वाटत होतं ते लिहिते. ही लेक पोटात होती तेव्हाचा दवाखान्यातला तो दिवस आठव. तुझे भावजी बोटीवरून येऊन सहा आठवडे झाले होते. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, आठ आठवडे पूर्ण. बाहेर येऊन मी ते सांगितलं आणि सासूबाई बाकावर बसून बोटं मोजायला लागल्या. एकदा मोजली, दोनदा मोजली. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाल्या, "अगं, तो येऊन सहाच तर झाले." माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि तू हसत हसत भिंतीला टेकलीस. "काकू, तुमचं नातवंड घाईत आहे, माझ्यावर गेलंय!" शेवटी डॉक्टरबाईच बाहेर आल्या आणि त्यांनी समजावलं की दवाखान्यात दिवस शेवटच्या पाळीपासून धरतात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत पोटात कुणी नसतंच. पुढे वर्षभर तू मला "दोन आठवडे ॲडव्हान्स" म्हणून चिडवत होतीस.

माणसाचे गर्भ आपल्याला दवाखान्यांकडून येतात. त्यांचे आठवडे दवाखान्याच्या पद्धतीचे. माकडं वसाहतीतून येतात, आणि माकडवाले डॉक्टर जोडी लागल्याच्या दिवसापासून मोजतात, कारण माकडिणीला पाळीची तारीख कोण विचारणार? दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. तुझ्या तक्त्यात ते एका रांगेत बसले आणि वर लिहिलं गेलं, "गर्भाचं वय, आठवडे." छापण्याआधी ज्यांनी तपासलं, तेही तिथेच फसले.

घाईबाई, आपण दोघी त्या बाकापाशी होतो. घरात ज्या गोष्टीवर हसून मुरकुंडी वळली, ती लॅबच्या दारातून आत न्यायची आपल्यापैकी एकीलाही सुचली नाही.

एक कबुली देते. वल्ह्यासारख्या पंजाची ती काच पाहिली तेव्हा आधी मला बरं वाटलं. आत काहीतरी ऊब आल्यासारखं. त्यानंतर भीती वाटली. हा क्रम मी तेव्हापासून रोज तपासते आहे आणि तो बदलत नाही. आई गेल्यावर तू चार दिवसांसाठी आली होतीस. निघताना स्वयंपाकघरात म्हणालीस, "तू इथे राहिलीस कारण तुला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं." त्या वाक्याला चार वर्षं झाली, आणि ती ऊब त्या वाक्याचीच होती, हे मला कळतं. म्हणून मी माझ्यावर भरवसा ठेवत नाही. तूही ठेवू नकोस. हातांवर ठेव.

ताई

११ मार्च

प्रिय घाईबाई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. पण अक्षर तुझंच, अजून मात्रा हवेत उडतात.

"ताई, तू काप. मोजायचं माझ्यावर सोड. चार वर्षं दाबून ठेवलेली उकळी अशी बाहेर काढायची होती, तर सरळ भांडायचं होतंस."

हे वाचून रात्रभर तुझ्याशी मनात भांडले असं लिहिणार होते. खरं म्हणजे झोपले. सकाळी उठून मात्र मला वाटलं, तू म्हणतेस ते खरं असेल तर? मला जे दिसावंसं वाटतं तेच दिसलं असेल तर? बोटं सुटी आहेत की जोडलेली, हे ठरवणारे डोळे माझेच आहेत, आणि ते काही त्रयस्थ नाहीत.

म्हणून मी असं केलं. सरांची नवी विद्यार्थिनी आहे, बोलते कमी, शंका फार. तिला सांगितलं, आपल्याकडे आहेत तेवढ्या स्लाइडींच्या चिठ्ठ्या कागदी पट्टीनं झाक आणि वर तुझ्या मनाचे आकडे टाक. कोण माणूस, कोण माकड, किती आठवड्यांचं, मला काही कळू देऊ नकोस. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, "मला माझीच परीक्षा घ्यायची आहे." ती म्हणाली, "बाई, नापास झालात तर कुणाला सांगायचं?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला."

मग नुसते हात बघून मी सगळ्या एका ओळीत लावल्या. आधी वल्ही, मग रेघा, मग खाचा, मग सुटी बोटं. हात झाले की मेंदूकडे वळले, पहारेकरी कुठे कामावर आहे ते बघायला. तो असतो तिथे निळा रंग धरतो, हे तुला मी काय सांगणार. हातांच्या ओळीत निळा रंग एका ठिकाणी फिका झाला आणि पुढच्या काही स्लाइडींत पुसला गेला. मग पट्ट्या काढल्या. जिथे माकडाचा पहारेकरी घरी गेला, तिथेच माणसाचाही गेला होता. फरक असलाच तर एखाद्या दिवसाचा, आणि तोही माझ्या नजरेचा असेल.

अजून एक गोष्ट सांगते, तुझ्या कामाची नाही. पट्ट्या काढण्याआधी मी मनाशी अंदाज बांधला होता, ही माणसाची, ही माकडाची. इतकी वर्षं मी हेच कापते आहे. कापलेल्या छेदांची मेणाची फीत कोमट पाण्यावर तरंगते तेव्हा तिच्या वागण्यावरून मला पातं बदलायचं कळतं. मला वाटलं होतं, आपलं माणूस तरी ओळखू येईल. निम्म्याहून जास्त अंदाज चुकले. दिसण्यात काहीच नव्हतं. तोच वाक, तीच पातळ भिंत, तोच निळा काठ.

आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते. पट्ट्या काढताना मला वाटत होतं की फरक राहावा. तुझ्यासाठी वाटत होतं असं म्हणाले तर तू हसशील. आईसाठी वाटत होतं. शेवटच्या वर्षी ती येणाऱ्याजाणाऱ्याला, औषधवाल्याला, शेजारच्या बाईंना, सगळ्यांना धरून सांगायची, "आमच्या धाकटीनं शोधलंय, माणूस माकडाहून दोन आठवडे जास्त थांबतो. आणि गंमत बघा, शोधलं कुणी? जी स्वतः पोटात पुरे दिवस थांबली नाही तिनं!" दर वेळी स्वतःच हसायची. ते दोन आठवडे आता कुठेच नाहीत, आणि ती त्यांच्यावर विश्वास ठेवून गेली.

सगळ्या स्लाइडींचे फोटो सोबत पाठवते. आकडे विद्यार्थिनीचे आहेत, उत्तरं वेगळ्या पाकिटात आहेत. आधी तू स्वतः लाव, मग ते पाकीट उघड. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

ताई

२ एप्रिल

प्रिय घाईबाई,

सरांना कळलं. मी सांगितलं नाही. त्यांच्या विद्यार्थिनीनं आपल्या वहीतला तो खेळ त्यांना कौतुकानं दाखवला. तिला काय माहीत. सरांनी मला बोलावलं, दार लोटलं आणि स्वतः चहा ओतला, तेव्हाच कळलं की काहीतरी मागणार.

"बाई, हे आत्ताच कशाला?"

"सर, ॲटलासमध्ये जोड्या चुकीच्या छापल्या जातील."

"जोड्या आपण गुपचूप दुरुस्त करू. जुन्या निबंधाचा उल्लेखच करायचा नाही. लोक विसरतात."

"तिकडे मे महिन्यात त्याच निबंधावर प्रयोग सुरू होतोय. माकडाच्या गर्भात पहारेकरी दोन आठवडे जास्त थांबवून बघणार आहेत, मेंदू मोठा होतो का. त्या माद्या..."

"त्या त्यांच्या माद्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, तुमची सख्खी बहीण आहे. माझंही नाव आहे त्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ."

मी म्हटलं, "म्हणूनच दात कुठे लागतायत ते मला कळतंय." हे वाक्य मला जागच्या जागी सुचलं, जिन्यात गेल्यावर नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तुला सांगावंसं वाटलं.

सर वाईट नाहीत, हे तू जाणतेस. आईच्या आजारपणात त्यांनी माझी एकही रजा अडवली नाही. त्यांना फक्त शांतता हवी आहे. मलाही हवी आहे. मी त्यांना एवढंच म्हणाले की महिनाअखेरपर्यंत मला वेळ द्या, मग मी लेखी देईन.

म्हणजे तुलाही तेच सांगते आहे. याला धमकी समजू नकोस, किंवा समज. मी कितीही नाजूक लिहिलं तरी ते तसंच ऐकू येणार. महिनाअखेरीनंतर मला लिहावं लागेल, सरांना आणि मासिकाला. पण ते तू लिहावंस अशी माझी इच्छा आहे. आपली चूक आपण सांगितली तर ती दुरुस्ती असते. दुसऱ्यानं सांगितली की ती चोरी पकडल्यासारखी दिसते. आणि तू चोरी केलेली नाहीस. तू घाई केलीस.

आधी मी या पत्रात लिहिलं होतं की दुरुस्तीवर दोघींची नावं घालू. मूळ निबंधात माझं नाव शेवटच्या आभारांत होतं, "सूक्ष्म छेदांसाठी". ते वाक्य पुन्हा वाचलं आणि खोडलं. त्यात माझा स्वार्थ होता की न्याय होता, मला वेगळं करता येईना. जे वेगळं करता येत नाही ते मागू नये. माझं नाव नको.

परवा लेक म्हणाली, "आई, मावशीचा फोन आला होता."

"तुला? कशाला?"

"विचारत होती, तुझ्या आजीची ती बोटं मोजायची गोष्ट खरी का, की तुझी आई तिखटमीठ लावते. मी म्हटलं, मावशी, माझ्याच जन्माची गोष्ट आहे ती. खोटी निघाली तर पहिली पंचाईत माझीच."

"मग?"

"मग हसली. मग म्हणाली, तुझ्या आईला सांग, मी फोटो लावले."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच सांग म्हणाली."

मी हे "एवढंच" दोन दिवस उलटसुलट करून पाहते आहे. तू लावलेस. कसे लागले, ते तू मला सांगितलं नाहीस. मी विचारत नाही. वाट बघते.

ताई

२७ एप्रिल

प्रिय घाईबाई,

मसुदा मिळाला. तीनदा वाचला. "वयाचा आरंभबिंदू दोन्ही प्रजातींत वेगळा धरला गेल्यामुळे आमचा मुख्य निष्कर्ष टिकत नाही, तो आम्ही मागे घेत आहोत." आडवळण नाही, इतरांवर ढकललेलं काही नाही. मला त्यात एक शब्दही बदलायचा नाही. प्रकल्प थांबवलास आणि माद्या परत मोठ्या पिंजऱ्यात सोडल्यास, हे तू एका ओळीत उरकलंयस. त्या ओळीसाठी तुला तिकडे काय काय ऐकावं लागलं असेल, ते मी ओळींच्या मधल्या जागेतून वाचलं. तुझ्या हाताखालची दोन मुलं काय करणार, हे मात्र कळलं नाही. ते लिही.

मला वाटलं होतं की मसुदा आल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. फ्रीजवर आईनं लावलेलं ते कात्रण अजून आहे, तुझा फोटो आणि खाली "दोन आठवड्यांची थोरवी". मी ते काढायला गेले आणि काढलं नाही. फोटो छान आहे.

आता मसुद्याच्या पाठीमागचं. ते तू लिहिलंस आणि बहुधा मागे वळून न बघता पाकिटात घातलंस.

"ताई, तू आईचं आजारपण शेवटच्या वर्षापासून मोजतेस. त्यात माझे फक्त ती गेल्यावरचे चार दिवस. मी पहिल्या ऑपरेशनपासून मोजते. तेव्हा तू कुठे होतीस?"

वाचल्याबरोबर मी उत्तर तयार केलं. डॉक्टरांनी मला पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं, लेक पोटात होती, मी येणार कशी? सगळं खरं आहे. पण तू "का आली नाहीस" असं विचारलंच नव्हतंस. तू विचारलंस, कुठे होतीस. मी पलंगावर होते. तू दवाखान्यात होतीस, आईच्या खाटेखाली चटई टाकून. कॉलेजचं ते वर्ष गेलं तुझं. तुझी मैत्रीण तुला वह्या आणून द्यायची आणि तू त्या जिन्यात बसून वाचायचीस. मला हे सगळं माहीत होतं. मी ते कधी विसरले नाही. मी फक्त ते मोजत नव्हते, कारण तो आजार बरा झाला असं आपण सगळे धरून चाललो होतो, आणि पुढे जो आला तो मी नवा धरला. डॉक्टर म्हणाले होते, नवा नाही, तोच आहे, इतकी वर्षं आत थांबून राहिला होता. ते ऐकूनही मी माझी सुरुवात बदलली नाही.

तुझा आकडा बरोबर होता. माझाही बरोबर होता. आपण दोघींनी ते एका रांगेत लावून एकमेकींकडून फरक वसूल केला.

स्वयंपाकघरातलं ते वाक्य तू मागे घेतलेलं नाहीस, ते माझ्या लक्षात आलंय. घेऊही नकोस. त्यात थोडं खरं आहे. मला खरंच दुसरीकडे जायचं नव्हतं. पण त्याचं कारण "कुठेच नव्हतं" हे नाही. मला कोमट पाण्यावर उलगडत जाणारी ती फीत आवडते. ती बघायला मी आयुष्यभर एकाच खुर्चीवर बसू शकते. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांचं वय झालंय, पण नातीनं दोनदा ओरडून सांगितल्यावर समजलं. विचारात पडल्या, मग पुन्हा बोटं मोजली आणि म्हणाल्या, "म्हणजे माकडवाले माझ्यासारखं मोजतात?" मी हो म्हटलं. "मग डॉक्टरबाई उगाच मला रागावली," म्हणाल्या आणि दिवसभर खुशीत होत्या.

सरांनी मसुद्यावर सही केली. माझ्याशी बोलत नाहीत, पण काल जाता जाता टेबलावर पात्यांचा नवा डबा ठेवून गेले. त्यांचं तसंच असतं.

तू लिहिलंयस की मासिकाला पाठवण्याआधी मूळ स्लाइडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या आहेत, फोटोंवर भागणार नाही. बरोबर आहे. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. ये. किती दिवस राहणार ते विचारत नाही. लेकीनं तिच्या खोलीतला पसारा आवरलाय, म्हणजे कपाटात कोंबलाय. ते दार उघडू नकोस.

आणि येशील तेव्हा मला एक शिकव. हात जुळले, वय जुळलं, पहारेकरी एकाच वेळी घरी गेला, तर मग आपला मेंदू मोठा होतो तो कशानं? विद्यार्थिनी रोज विचारते आणि मी म्हणते, माझी बहीण येते आहे.

दोघींना समोरासमोर बसून एकच स्लाइड बघता येते तो जुना मायक्रोस्कोप अजून खिडकीपाशीच आहे. तू गेल्यापासून त्याच्या पलीकडच्या बाजूला मी टोपी घालून ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून. आज ती काढली आणि काचा पुसल्या. तुझ्या उंचीला लागतं तेवढं ते स्टूलही वर करून ठेवलंय.

तुझी,
ताई